बेकर स्ट्रीटवरचा सॅक्सोफोन

गाणं सुरू होतं तेव्हा पहिली काही सेकंदं कसलाच अंदाज येत नाही. कीबोर्डचे मंद सूर, झांजांची बारीक सळसळ, आणि आता काहीतरी होणार अशी चाहूल. मग ड्रम्सचा ठोका पडतो आणि सॅक्सोफोन थेट वरच्या सुरावर जाऊन उभा राहतो. तिथून तो उतरतो, चढतो, पुन्हा उतरतो. शब्द एकही नाही. जगभरच्या असंख्य लोकांना हे गाणं म्हटलं की एवढंच आठवतं.

गायक त्यानंतर येतो. आवाज खालच्या पट्टीतला, जवळजवळ बोलल्यासारखा, कुठेही भावनेला ताण न देणारा. सॅक्सोफोन जे गळा मोकळा करून सांगतो, ते हा माणूस ओठांत धरून ठेवतो. दिवसभर वणवण केलेला, थकलेला, थोडी दारू पोटात असलेला एक माणूस लंडनच्या एका रस्त्याने चालला आहे. या शहरात सगळं मिळेल असं त्याला वाटलं होतं. शहराला काळीज नाही, हे कळायला त्याला फार वेळ लागला. पुढच्या कडव्यात त्याचा एक मित्र भेटतो. दारू सोडायची, फिरती नाती सोडायची, कुठेतरी लहानशा गावात जमीन घेऊन शांत राहायचं, असं तो मित्र बोलत असतो. हे त्याच्या हातून कधीच होणार नाही, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. शेवटी सकाळ होते, ऊन पडतं आणि घरी जायची वेळ येते.

हे गाणं म्हणजे ‘बेकर स्ट्रीट’. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्याची छोटी तबकडी बाजारात आली. लिहिणारा, चाल देणारा आणि गाणारा एकच: जेरी रॅफर्टी. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावचा, तेव्हा तीस वर्षांचा. गाणं इतकं गाजलं की गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते कुठल्या ना कुठल्या रेडिओवर वाजतंच आहे. पण त्याच्याभोवती जे बोललं गेलं, ते बहुतेक सगळं सॅक्सोफोनबद्दल. तो वाजवला कुणी, ती धून सुचली कुणाला, वाजवणाऱ्याला पैसे किती मिळाले, तो वाजवणारा खरा की कुणी दुसराच. ज्याने ते गाणं आपल्या आयुष्यातून काढलं, तो या गोष्टीत तिसऱ्या-चौथ्या जागी जाऊन बसला. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि तो दूर करताना सॅक्सोफोन वाजवणाऱ्यावर नवा अन्याय करण्याचं काहीच कारण नाही.

पेझ्ली हे ग्लासगोला लागून असलेलं विणकरांचं गाव. काश्मिरी शालींची नक्कल एकोणिसाव्या शतकात इथल्या मागांवर इतकी निघाली की आपल्याकडे पैठणीच्या पदरावर आणि मेंदीच्या हातावर दिसणाऱ्या कोयरीला पाश्चात्त्य जग या गावाच्याच नावाने ओळखू लागलं. पुढे ‘कोट्स’चा शिवणाचा धागाही इथूनच जगभर गेला. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र हे कामगारांचं, कष्टाचं गाव होतं. तिथे १६ एप्रिल १९४७ रोजी एका आयरिश मुळाच्या कॅथलिक कुटुंबात जेरीचा जन्म झाला. वडील जोसेफ यांनी खाणीत काम केलं, लॉरीही चालवली. ते बेफाम प्यायचे. आई मेरी आयरिश आणि स्कॉटिश लोकगीतं गायची, आणि मुलाच्या कानावर पहिले सूर पडले ते तिचे.

या घराबद्दलची एक आठवण रॅफर्टीचा एके काळचा व्यवस्थापक, लेखक मायकेल ग्रे याने मृत्युलेखात लिहून ठेवली आहे. वडील पिऊन घरी येण्याची वेळ झाली की आई लहानग्या जेरीला घेऊन बाहेर पडायची. पाऊस असो, थंडी असो, दोघं रस्त्यावरून फिरत राहायची. वडील झोपले, आता मार बसणार नाही, अशी खात्री झाली की मगच घरी परतायची.

‘बेकर स्ट्रीट’ ऐकताना ही आठवण मला बाजूला ठेवता येत नाही. रस्ता, रात्र, दारू, आणि घरी जायची वाट पाहणं: गाण्यातला सगळा ऐवज या मुलाकडे लंडन पाहण्याच्या कितीतरी आधीपासून होता. लंडनने त्याला फक्त रस्त्याचं नाव दिलं.

जेरी सोळा वर्षांचा असताना वडील वारले. त्याच वर्षी, १९६३ मध्ये, त्याने शाळा सोडली. खाटकाच्या दुकानात, सरकारी कचेरीत कारकून म्हणून, बुटांच्या दुकानात अशी कामं केली. संध्याकाळी गिटार. साठच्या दशकाच्या शेवटी तो ‘हम्बलबम्स’ या जोडीत शिरला. तिथला त्याचा जोडीदार म्हणजे पुढे विनोदवीर म्हणून जगाला माहीत झालेला बिली कॉनली. दोन गाण्यांच्या मध्ये कॉनलीचे किस्से लांबत गेले, लोक हसत राहिले, आणि गाणी मागे पडू लागली. १९७१ मध्ये जोडी फुटली.

मग जो ईगन या पेझ्लीच्याच जुन्या मित्राबरोबर ‘स्टीलर्स व्हील’ उभं राहिलं. १९७२ मध्ये आलेलं त्यांचं ‘स्टक इन द मिडल विथ यू’ पुढच्या वर्षी अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर पहिल्या दहात पोचलं. पुष्कळांनी ते पहिल्यांदा ऐकलं ते १९९२ च्या क्वेंटिन टॅरंटिनोच्या ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’मध्ये, एका अंगावर येणाऱ्या छळाच्या दृश्यावर. मूळ गाणं संगीत-व्यवसायातल्या माणसांच्या गराड्यात सापडल्याची घुसमट सांगतं. या धंद्याविषयीचा तिटकारा रॅफर्टीत तेव्हापासूनच होता, आणि तो त्याने कधी लपवला नाही.

१९७५ च्या सुमारास ‘स्टीलर्स व्हील’ मोडलं. त्यानंतरची तीन वर्षं तो गाणी लिहीत होता, पण बाहेर काढू शकत नव्हता. जुने करार, व्यवस्थापक, कंपनी, सगळेच एकमेकांवर दावे लावून बसले होते. वकिलांच्या बैठका लंडनला, आणि बायको-मुलगी स्कॉटलंडमध्ये. त्यामुळे ग्लासगोहून रात्रीची गाडी पकडायची, सकाळी लंडनला उतरायचं, वकिलांसमोर दिवस घालवायचा, असा क्रम सुरू झाला. मुक्काम असायचा बेकर स्ट्रीटच्या आडोशाला असलेल्या एका मित्राच्या छोट्या फ्लॅटमध्ये. तिथे रात्रभर गप्पा आणि गिटार चालायची, असं त्यानेच पुढे सांगितलं आहे. त्या काळातल्या गाण्यांच्या अल्बमचं नाव ‘सिटी टू सिटी’ आहे, आणि त्यातलं त्याच नावाचं गाणं रात्रीच्या गाडीवरचं आहे, यात नवल ते काय!

आता तो रस्ता. मराठी वाचकाला बेकर स्ट्रीट माहीत आहे तो शेरलॉक होम्समुळे. भालबा केळकरांच्या अनुवादांतून ‘२२१ बी’ हा पत्ता कित्येक घरांत पाठ झाला, आणि लंडनला जाणारी मराठी मंडळी मादाम तुसाँचे पुतळे पाहून झाले की चालत तिथे जातातच. १० जानेवारी १८६३ रोजी जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा जी मोजकी स्थानकं होती, त्यांतलं हे एक. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या प्रदेशात गुप्तहेर पाठवणाऱ्या ‘एसओई’ या ब्रिटिश खात्याचं मुख्यालय याच रस्त्यावर, ६४ क्रमांकाच्या इमारतीत होतं. नूर इनायत खान याच खात्यातून फ्रान्सला गेली. १९६७ च्या डिसेंबरात बीटल्सनी ९४ क्रमांकाला कपड्यांचं दुकान थाटलं, भिंतीवर भलंमोठं रंगीत चित्र काढून घेतलं, आणि आठ महिन्यांच्या आत उरलेला माल लोकांना फुकट वाटून ते बंदही केलं.

एवढ्या गोष्टी ज्या रस्त्याला चिकटलेल्या आहेत, त्यातली एकही रॅफर्टीने गाण्यात घेतली नाही. होम्स नाही, बीटल्स नाही, इमारतही नाही. रस्ता आहे, पण पर्यटकाचा नव्हे. ज्याला या शहरात काम आहे, पण घर नाही, अशा माणसाचा तो रस्ता आहे. पोटापाण्यासाठी मोठ्या शहरात दुसऱ्याच्या खोलीवर राहिलेल्या कुणालाही तो ओळखता येईल. आणखी एक गोष्ट: गाण्याचा मोठा भाग गायक ‘तू’ म्हणून बोलतो. समोर कुणी नाही, हा माणूस स्वतःशीच बोलतोय, हे थोड्या वेळाने लक्षात येतं. ‘मी’ म्हटलं असतं तर गाणं कैफियत झालं असतं. ‘तू’ म्हटल्यामुळे ते ऐकणाऱ्याच्या अंगाला लागतं.

दावे मिटले, ‘युनायटेड आर्टिस्ट्स’शी नवा करार झाला, आणि १९७७ मध्ये रॅफर्टी आणि निर्माता ह्यू मर्फी ऑक्सफर्डशरमधल्या चिपिंग नॉर्टन या गावी ध्वनिमुद्रणाला गेले. तिथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत स्टुडिओ होता. लंडनपासून दूर, वकिलांपासूनही दूर. साथीला हेन्री स्पिनेटी ड्रम्सवर, गॅरी टेलर बास गिटारवर, टॉमी आयर कीबोर्डवर, ह्यू बर्न्स गिटारवर. शेवटाकडे गिटारचा जो तुकडा गाण्याला एकदम उंच उचलतो, तो बर्न्सचा. सॅक्सोफोनच्या गाजावाजात त्याचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतो.

या गाण्यात गाऊन दाखवायचा ठसठशीत मुखडा नाही. पॉप गाण्यात ज्या ठिकाणी सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ येते, तिथे रॅफर्टीने शब्द थांबवले आणि वाद्यासाठी जागा सोडली. १९८८ च्या एका मुलाखतीत त्याने सांगितलं, की ती जागा वाद्याची आहे हे लिहितानाच ठरलं होतं, पण कुठल्या वाद्याची ते ठरत नव्हतं. इलेक्ट्रिक गिटार लावून पाहिली, ती लेची वाटली. आणखी काही प्रयोग झाले. सॅक्सोफोन घेऊन बघू, ही सूचना बहुधा मर्फीची.

बोलावलेला वादक म्हणजे राफाएल रेव्हन्सक्रॉफ्ट. वय अवघं तेविशीच्या आसपास, नाव नाही, मुद्रणामागे मिळेल ते मानधन घेणारा. त्याला बोलावलं होतं सोप्रानो सॅक्सोफोनच्या एका छोट्या कामासाठी. आल्टो त्याच्या गाडीत पडलेला होता. तो आणू का, असं त्याने विचारलं, आणला, आणि वाजवला. त्या दुपारचं त्याला मिळालेलं मानधन २७ पौंड. त्याचा धनादेशही वटला नाही, अशी कथा पुढे पसरली. धनादेशाचं खरंखोटं बाजूला ठेवलं तरी रकमेवरून व्यवहाराची कल्पना येते. गाण्याच्या हक्कांतून रॅफर्टीला वर्षाकाठी ऐंशी हजार पौंडांच्या घरात पैसे मिळत, असं त्याच्या निधनानंतर वर्तमानपत्रांनी छापलं.

कंपनीला हे गाणं सुटं काढायचंच नव्हतं. त्यासाठी आम्हाला अक्षरशः याचना करावी लागली, लोकांसाठी हे जरा जास्तच चांगलं आहे असं कंपनीचं म्हणणं होतं, असं मर्फीने १९९३ मध्ये ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाला सांगितलं. कंपनीची भीती समजण्यासारखी होती. १९७८ म्हणजे ब्रिटनमध्ये पंकचा आणि जगभर डिस्कोचा काळ. एकीकडे ‘सेक्स पिस्टल्स’चा आरडाओरडा, दुसरीकडे ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ची चकाकी. त्यात सहा मिनिटांचं, दमलेल्या माणसाचं, नाचता न येणारं गाणं कोण घेणार?

लोकांनी ते घेतलं. ब्रिटनच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं आणि सलग सहा आठवडे तिथेच बसून राहिलं. वर जाता आलं नाही, कारण पहिल्या क्रमांकावर अँडी गिबचं ‘शॅडो डान्सिंग’ ठाण मांडून होतं. पण अल्बमने बाजी मारली. ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ची तबकडी जानेवारीपासून सलग चोवीस आठवडे अमेरिकेत अव्वल होती. जुलै १९७८ मध्ये तिला खाली खेचलं ते ‘सिटी टू सिटी’ने. एका झळाळत्या नाचमहालाची जागा पेझ्लीच्या एका बुजऱ्या, दाढीवाल्या, चष्मेवाल्या माणसाने घेतली.

असं का झालं असावं? मला वाटतं, ऐकणाऱ्याला या गाण्यात दोन दारं मिळाली. शब्द ज्यांना भिडले ते शब्दांतून आत गेले. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं, किंवा येत असूनही शब्दांकडे लक्ष नव्हतं, ते सॅक्सोफोनमधून आत गेले. आणि सॅक्सोफोन सजावटीसाठी ठेवलेला नाही. शब्द सांगतात, काही बदलणार नाही. सॅक्सोफोन ते मानत नाही. प्रत्येक कडव्यानंतर तो पुन्हा येतो, पुन्हा तितक्याच ताकदीने. शेवटच्या सकाळची आशा शब्दांत येते ती अगदी शेवटी. सॅक्सोफोनमध्ये ती पहिल्या अर्ध्या मिनिटात येऊन गेलेली असते. लोकांनी केवळ धून लक्षात ठेवली म्हणून ते गाणं चुकीचं ऐकत होते, असं मी म्हणणार नाही. रॅफर्टीने जे बोलायचं टाळलं, ते त्यांनी नेमकं उचललं.

त्यानंतरच्या वर्षांत जाहिराती, मालिका, चित्रपट, पॉप गाणी यांत सॅक्सोफोनची लाट आली. वाद्यांच्या दुकानांत मागणी वाढली. तिला ‘बेकर स्ट्रीट’चा परिणाम म्हणण्याची पद्धतच पडली. रेव्हन्सक्रॉफ्टने ‘पिंक फ्लॉइड’च्या १९८३ च्या ‘द फायनल कट’वर वाजवलं, त्याला भरपूर कामं मिळाली. आणि वाद सुरू झाला.

रेव्हन्सक्रॉफ्टचं म्हणणं असं, की गाणं त्याच्यासमोर आलं तेव्हा त्यात नुसत्या रिकाम्या जागा होत्या, आणि आपण वाजवलं ते बरंचसं एका जुन्या ब्लूज धुनेवर बेतलेलं होतं. रॅफर्टीचं म्हणणं, धून माझी. कागदोपत्री श्रेय त्याच्या एकट्याचं. जॅझच्या जाणकारांनी तिसरंच काढलं: अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टीव्ह मार्कस याच्या १९६८ च्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या अल्बममध्ये ‘हाफ अ हार्टबीट’ नावाचं वादन आहे, त्याच्या सुरुवातीशी ही धून विलक्षण जुळते. दोन्ही पाठोपाठ ऐकली की साम्य कानाला लागतं, यात शंका नाही. ते कसं आलं, याचा निवाडा कुणी दिलेला नाही.

निर्णायक पुरावा आला तो रॅफर्टीच्या मृत्यूनंतर. २०११ मध्ये ‘सिटी टू सिटी’ची नव्याने साफ केलेली आवृत्ती निघाली, तिच्यासोबत मूळ कच्ची मुद्रणं दिली गेली. ‘बेकर स्ट्रीट’च्या कच्च्या मुद्रणात ती धून स्पष्ट आहे. सूर तेच, जागा तीच, वाद्य मात्र गिटार. रॅफर्टी खरं बोलत होता.

यावर बऱ्याच लोकांनी एवढंच म्हटलं, की चला, प्रश्न मिटला. मला तो तिथे मिटलेला वाटत नाही. ते गिटारवरचं मुद्रण ऐका. धून तीच असूनही अंगावर काटा येत नाही. रॅफर्टीला ती लेची वाटली होती, आणि त्याचा कान बरोबर होता. आपल्याकडे ख्यालगायकीत चीज एकाने बांधलेली असते आणि तिला जीव दुसऱ्याच्या गळ्यातून येतो. बांधणाऱ्याचा मान आणि गाणाऱ्याचा मान यांत आपण गल्लत करत नाही, दोन्ही देतो. पाश्चात्त्य पॉपच्या कायद्यात या दुसऱ्या मानाला जागा नव्हती. सूर ज्याने लिहिले तो लेखक, बाकीचे रोजंदारीवरचे. लेखन रॅफर्टीचं, हे कच्च्या मुद्रणाने सिद्ध झालं. पण त्या सुरांत किती हवा भरायची, कुठला सूर किंचित ओरबाडायचा, कुठे घसरत यायचं, हे कागदावर नव्हतं. ते रेव्हन्सक्रॉफ्टच्या छातीतून आलं, आणि त्याची किंमत २७ पौंड नव्हती.

त्याचं स्वतःचं मत तर आणखी चटका लावणारं आहे. रॅफर्टी गेल्यावर, २०११ मध्ये, बीबीसी रेडिओवर त्याने सांगितलं, की मला ते गाणं ऐकवत नाही. का? तर सॅक्सोफोन सुरात नाही, थोडा उतरलेला आहे, आणि ते आपल्याला खुपतं. जगाने ज्या वादनासाठी त्याला लक्षात ठेवलं त्यातली त्रुटी तो आयुष्यभर ऐकत राहिला. खरं सांगायचं तर तो किंचित उतरलेला सूरच मला त्या वादनात माणूस आहे असं सांगतो. पण वाजवणाऱ्याच्या कानाला हे समाधान पुरणार नाही, हेही कळतं. २०१४ च्या ऑक्टोबरात, साठाव्या वर्षी, एक्सिटर इथे तो वारला.

दरम्यान ब्रिटनमध्ये भलतीच दंतकथा रुजली होती. बॉब होल्नेस हे तिथल्या ‘ब्लॉकबस्टर्स’ या लोकप्रिय प्रश्नमंजूषेचे मध्यमवयीन, सभ्य सूत्रसंचालक. ‘बेकर स्ट्रीट’वरचा सॅक्सोफोन त्यांनीच वाजवला आहे, असं संगीत पत्रकार स्टुअर्ट मॅकोनी याने ‘एनएमई’ साप्ताहिकाच्या खोट्यानाट्या माहितीच्या चौकटीत गमतीने लिहिलं, आणि लोकांनी ते खरं मानलं. होल्नेस स्वतःही हसत हसत त्यात सामील व्हायचे. देशभर पसरलेली ही गंमत निरुपद्रवी होती, पण तिचा परिणाम असा झाला, की गाणं निघालं की लोक आधी होल्नेस, मग रेव्हन्सक्रॉफ्ट, आणि झालंच तर शेवटी रॅफर्टी आठवायचे.

गाण्याचा पुढचा प्रवास लांबलचक आहे. १९८७ मध्ये वेलन जेनिंग्जने ते अमेरिकन कंट्री शैलीत गायलं. १९९२ मध्ये ‘अंडरकव्हर’ या ब्रिटिश गटाने त्याचं नाचाचं रूप केलं आणि ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत, म्हणजे मूळ गाण्यापेक्षाही वर गेलं. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहावं असं त्यात काही नाही. १९९७ मध्ये ‘द सिम्पसन्स’ मालिकेत छोटी लिसा आपल्या सॅक्सोफोनवर हीच धून वाजवते. ‘फू फायटर्स’नी नव्वदीच्या शेवटी ते रॉकच्या अंगाने केलं, आणि त्यात सॅक्सोफोनची धून गिटारवर घेतली. रॅफर्टीने स्टुडिओत बाजूला ठेवलेला पर्याय त्याचं कच्चं मुद्रण बाहेर येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी नकळत उचलला होता, आणि त्यांच्या कर्कश, मोठ्या गिटारवर तो चांगला उभाही राहिला. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या ‘बीएमआय’ या हक्कसंस्थेने गाणं पन्नास लाखांहून अधिक वेळा प्रसारित झाल्याची नोंद केली.

आणि रॅफर्टी? अमेरिकेत अल्बम अव्वल असताना तिथे दौरा करायला त्याने नकार दिला. धंद्याच्या हिशेबाने हा वेडेपणा होता. कीर्तीच्या यंत्रणेत आपल्याला अवघडायला होतं, असं सांगणाऱ्या गाण्यानेच त्याला त्या यंत्रणेच्या अगदी मधोमध नेऊन ठेवलं होतं, आणि तो तिथे थांबला नाही. मोठमोठ्या संगीतकारांबरोबर काम करण्याच्या संधी त्याने सोडल्या, हे मायकेल ग्रेने नमूद केलं आहे. १९७९ चा ‘नाइट आउल’ चांगला चालला. १९८३ मध्ये मार्क नॉफ्लरने ‘लोकल हिरो’ या स्कॉटिश चित्रपटाच्या संगीतात त्याच्याकडून एक गाणं गाऊन घेतलं. १९८७ मध्ये त्याने आणि मर्फीने ‘द प्रोक्लेमर्स’ या तरुण स्कॉटिश भावांचं ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ घडवलं, जे स्कॉटलंडमधून देशांतराला निघालेल्यांचं जणू राष्ट्रगीत झालं. हे काम त्याच्या नावावर क्वचितच सांगितलं जातं.

दारू मात्र सुटली नाही. ज्या गोष्टीपासून आई त्याला रात्री रस्त्यावर घेऊन पळायची, तीच त्याच्या घरात आली. १९९० मध्ये पत्नी कार्लाशी घटस्फोट झाला. पुढच्या वर्षांत प्रकृती ढासळत गेली, २००८ मध्ये तो लंडनच्या एका रुग्णालयातून निघून गेला आणि कुठे आहे याच्या बातम्या झाल्या. त्या बातम्यांचा सूर मला तेव्हाही आवडला नव्हता. जमीन घेऊन शांत राहीन म्हणणाऱ्या, पण तसं कधीच न करू शकणाऱ्या गाण्यातल्या मित्रावर रॅफर्टी हसला नव्हता. वर्तमानपत्रांनी रॅफर्टीबद्दल तेवढी अदब पाळली नाही. ४ जानेवारी २०११ रोजी ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड इथे, मुलगी मार्थाच्या सान्निध्यात, यकृत निकामी होऊन तो गेला. अंत्यविधीची प्रार्थना पेझ्लीच्या सेंट मिरिन कॅथीड्रलमध्ये झाली. जो ईगन होता, ‘प्रोक्लेमर्स’ होते, आणि त्याच्या अल्बमांची मुखपृष्ठं रंगवणारा पेझ्लीचाच चित्रकार-नाटककार जॉन बर्न होता. पुढच्या जानेवारीत ग्लासगोच्या ‘सेल्टिक कनेक्शन्स’ महोत्सवात त्याच्या गाण्यांची मैफल भरली. २०२१ मध्ये मार्थाने त्याची उरलेली मुद्रणं जुळवून ‘रेस्ट इन ब्लू’ हा अल्बम काढला.

ज्यांना हे गाणं फक्त सॅक्सोफोन म्हणून माहीत आहे, त्यांनी ते एकदा वेगळ्या क्रमाने ऐकावं. आधी २०११ च्या आवृत्तीतलं कच्चं मुद्रण लावावं: गिटार, साधा ताल आणि रॅफर्टीचा आवाज. त्यात शब्द पहिल्यांदा नीट ऐकू येतात, मित्राचं कडवं विशेषतः. मग सहा मिनिटांचं पूर्ण गाणं, कापलेलं नव्हे. सॅक्सोफोन पहिल्यांदा येतो तेव्हा नाही, तर मित्राच्या कडव्यानंतर जो येतो, त्याकडे लक्ष द्यावं. आणि मग त्याच अल्बमवरचं ‘राइट डाउन द लाइन’ लावावं, पडत्या काळात सोबत राहिलेल्या स्त्रीचं ऋण मानणारं. त्यात सॅक्सोफोन नाही, मोठी धून नाही, एक सरकती गिटार आणि तोच दबका आवाज आहे. ‘बेकर स्ट्रीट’ लिहिणारा माणूस कोण होता, ते त्या गाण्यात जास्त कळतं.